काढा तर घरचाच आहे! प्रतिकारशक्ती वाढवताना या चुका टाळा

पावसाळा लागला की घरोघरी गॅसवर काढा चढतो. त्यात वाईट काही नाही, बिघडतं ते प्रमाणात. आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये सुचवलेल्या काढ्यात तुळस ४ भाग, दालचिनी आणि सुंठ २-२ भाग, मिरी १ भाग होती. चूर्ण ३ ग्रॅम, पाणी १५० मिली, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आपण मात्र अंदाजपंचे मूठभर मिरी टाकतो, पातेलं अर्धं होईस्तोवर आटवतो आणि चहासारखा चार वेळा पितो. मग तोंड येतं, छातीत जळजळतं. तसं झालं तर काढा थांबवा, दोन-तीन दिवस ताक-भातावर राहा, पुन्हा सुरू करायचाच असेल तर मिरी निम्मी करा. घशासाठी म्हणून त्यात रोज ज्येष्ठमध घालत असाल आणि घरात कुणाला बीपी असेल, तर तो पहिला काढून टाका. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं.

खरी काळजी गुळवेलीची. 'निंबावरची आहे' एवढ्यावर आपला विश्वास बसतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. वाद बाजूला ठेवला तरी आपल्यापुरता अर्थ तोच: कुणीतरी तोडून दिलेला तुकडा ओळख पटल्याशिवाय उकळू नये. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात. पण नुसतं खोड बघून छातीठोक सांगणं जाणकारालाच जमतं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोला नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर गुळवेलीने साखर आणखी खाली येऊ शकते. आमवातासारखा, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने होणारा आजार असेल किंवा किडनी बदललेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल नकोच. तिथे औषधं प्रतिकारशक्ती दाबायला दिलेली असतात आणि आपण तिला डिवचत बसतो.

लघवी पिवळी झाली की काही जण घाबरतात, काही जण अजिबात लक्ष देत नाहीत. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर ती झगझगीत पिवळी होते, ते त्यातल्या बी-२ मुळे. चिंता नाही. पण रंग कोऱ्या चहासारखा गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज आणि अन्नावरची वासना उडालेली असेल, तर सगळ्या पुड्या-गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पुड्या सोबत न्या.

गोळ्यांचं म्हणाल तर कोरोनाकाळातली झिंकची सवय अनेकांची सुटलेली नाही. रोजची गरज पुरुषाला १७, बाईला १३ मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं जेवणातून येतंच. ५० मिलिग्रॅमची गोळी महिनोन्‌महिने घेतली तर शरीरातलं तांबं कमी होतं, रक्त कमी होतं, हातापायांना मुंग्या येतात. गोळी घेतल्यावर मळमळत असेल तर ती उपाशीपोटी घेतली असणार, जेवणानंतर घ्या. डॉक्सीसायक्लिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर अँटिबायोटिक नीट अंगी लागत नाही.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, तीही ठरावीक आठवडे. ती रोज घेणारे महाभाग आहेत! सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ अशी लक्षणं दिसली तर रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. क जीवनसत्त्वाने सर्दी होणं थांबत नाही, रोज घेणाऱ्यांची फार तर थोडी लवकर आटोपते. मुतखड्याची प्रवृत्ती असेल तर मोठ्या डोसच्या गोळ्या सोडा आणि एक पेरू खा.

ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना बीपीच्या गोळीइतक्याच आवर्जून हळदीच्या कॅप्सूलबद्दलही सांगा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर विशेष. भाजीतली हळद सांगायची गरज नाही.