सुरक्षा क्षेत्राचं प्रशिक्षण घेताना या चुका टाळा

सिक्युरिटीत यायचं ठरलं की नवी मुलं आधी व्यायामाला लागतात. व्यायाम हवाच, पण ड्युटीचे बहुतेक तास बघण्यात, बोलण्यात आणि लिहिण्यात जातात. प्रशिक्षणात सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते लिहिण्याकडेच.

शिकवताना मी सरावासाठी एक प्रसंग देतो आणि नोंद करायला सांगतो. दरवेळी कुणीतरी लिहितंच: "रात्री संशयित इसम दिसला, हाकलून दिला." या ओळीचा पुढे कुणाला काही उपयोग नाही. तोच प्रसंग असा लिहा: "02:40, मागचं गेट. निळा शर्ट, पाठीवर काळी बॅग, अंदाजे 30 वर्षांचा पुरुष कुलूप ओढून बघत होता. आवाज दिल्यावर पार्किंगच्या दिशेने गेला. 02:43 ला कंट्रोल रूमला कळवलं. कुलूप तपासलं, शाबूत आहे." 'संशयित' हे आपलं मत झालं. तो नेमकं काय करत होता, ते लिहायचं. वेळ 24 तासांच्या घड्याळाप्रमाणे टाका, म्हणजे दुपार की रात्र हा घोळ राहत नाही. चूक झालीच तर एक रेघ मारून बाजूला सही करा, व्हाइटनर नको. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे-मागे असेल तर तो फरकही नोंदवा. जुन्या फुटेजवर नवं रेकॉर्डिंग चढतं, त्यामुळे वेळ चुकीची असली की हवा तो भाग सापडेपर्यंत पुसलेला असतो.

दुसरी चूक म्हणजे प्रात्यक्षिक लांबून बघणं. आग विझवायचा सिलिंडर स्वतः चालवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा भोंगा, म्हणजे गॅस बाहेर पडतो ते तोंड, वापरताना इतका थंड पडतो की उघड्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी होते. ते आधी माहीत हवं. चालू विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण लहान सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो, हे हातात घेतल्यावरच कळतं. सीपीआरचंही, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबण्याचंही, तसंच. मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर दाबायची असते. पुतळ्यावर दोन मिनिटं करून बघा, दम लागतो. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात.

फी भरण्याआधी त्या संस्थेचं प्रमाणपत्र परवाना देणारी यंत्रणा मान्य करते का, हे थेट त्या यंत्रणेकडेच विचारा. शंभर टक्के नोकरीच्या हमीवर जाऊ नका. सामान तपासणीत जायचं असेल तर एक्स-रेच्या चित्रांचा भरपूर सराव देणारी संस्था निवडा. स्क्रीनवर नारिंगी रंग म्हणजे सेंद्रिय (अन्न, कागद, कापड अशा) वस्तू, निळा म्हणजे धातू एवढं पाठ करून बॅग ओळखता येत नाही.

गणवेश चढला की आवाजही चढतो, ही सवय प्रशिक्षणातच मोडायला हवी. गार्ड पोलीस नसतो. चिडलेल्या माणसाशी बोलताना दोन हात अंतर ठेवा, थोडं तिरकं उभं राहा, तळवे दिसू द्या.

आणि मागच्या गार्डकडून ड्युटीचा चार्ज घेताना "सगळं ठीक आहे ना?" एवढं विचारून सही करू नका. चाव्या मोजा, वॉकी-टॉकीवर एकदा बोलून बघा, मागच्या शिफ्टच्या नोंदी वाचा. ड्युटी संपवून जाणाऱ्या गार्डला घाई असली तरी हे त्याच्यासमोरच करा.