ब्लेंडरमधील बिनवापराची मटेरियल्स कशी काढावीत

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या दिवाणखान्याचे दृश्य दोन-तीन आठवडे घडत राहिले, की मटेरियलच्या (वस्तूच्या पृष्ठाचा रंग, चकाकी वगैरे ठरवणाऱ्या नोंदींच्या) यादीत ‘सागवान’, ‘सागवान.००१’, ‘सागवान.००२’ अशी पिलावळ जमते आणि मटेरियल प्रिव्ह्यू (मटेरियलसह दृश्याची झलक) सुरू केल्यावर चित्र उमटायला वेळ लागू लागतो. अशा वेळी बहुतेक जण थेट फाइल मेन्यूतील ‘क्लीन अप’मध्ये जाऊन ‘पर्ज अनयूज्ड डेटा’ (बिनवापराचा डेटा पुसणे) चालवतात आणि फारसा फरक पडला नाही म्हणून निराश होतात. याचे कारण असे, की ब्लेंडर ज्याला बिनवापराचे म्हणतो आणि आपण ज्याला म्हणतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्येक मटेरियल किती ठिकाणी जोडलेले आहे, याची मोजणी ब्लेंडर ठेवतो. ही मोजणी शून्यावर आलेले मटेरियल फाइल जतन करून पुन्हा उघडल्यावर आपोआप नाहीसे होते. त्याचा प्रिव्ह्यूवर भारही जवळजवळ नसतो. खरा भार असतो तो वस्तूच्या एखाद्या स्लॉटमध्ये (मटेरियल जोडण्याच्या खणात) अडकून राहिलेल्या, पण एकाही पृष्ठावर न दिसणाऱ्या मटेरियलचा, आणि त्याहून अधिक त्याच्यासोबत आलेल्या टेक्स्चरचा, म्हणजे पृष्ठावर चढवलेल्या चित्राचा. ४०९६ × ४०९६ पिक्सेलचे चार चॅनेलचे साधे ८-बिट चित्र डिस्कवर कितीही लहान जेपेग असले, तरी उलगडल्यावर सुमारे ६४ एमबी जागा घेते. दुसऱ्या फाइलमधून सोफा कॉपी-पेस्ट केला, की अनेकदा त्याच चित्राची दुसरी प्रत येते आणि तेवढीच जागा पुन्हा अडते.

म्हणून पर्ज सर्वांत शेवटी करावे. आधी फाइलची प्रत वेगळ्या नावाने जतन करून सर्व वस्तू निवडाव्यात आणि मटेरियल टॅबमधील स्लॉटच्या यादीशेजारच्या खाली रोखलेल्या बाणातून ‘रिमूव्ह अनयूज्ड स्लॉट्स’ चालवावे. मात्र येथे डोळे उघडे ठेवावे लागतात. पातळ पृष्ठाला जाडी देणाऱ्या सॉलिडिफाय मॉडिफायरमध्ये कडेसाठी मटेरियल ऑफसेट दिलेला असेल, म्हणजे कड दुसऱ्या स्लॉटचे मटेरियल घेत असेल, तर तो स्लॉट कोणत्याही पृष्ठाला दिलेला नसल्याने ब्लेंडरच्या दृष्टीने रिकामाच ठरतो. माझ्या एका दृश्यातील गालिच्याच्या कडेचा रंग याच कारणाने एका क्षणात बदलला होता. तेव्हापासून अशा वस्तू मी निवडीतून आधीच वगळतो.

त्यानंतर जुळ्या मटेरियल्सकडे वळावे. आउटलायनरमध्ये (फाइलमधील घटकांच्या यादीत) ‘ब्लेंडर फाइल’ हे दृश्य निवडून ‘सागवान.००१’वर उजवे क्लिक करावे आणि ‘आयडी डेटा’मधील ‘रीमॅप यूजर्स’ने त्याचे सर्व वापर मूळ ‘सागवान’कडे वळवावेत. चित्रांच्या जुळ्या प्रतींनाही हीच रीत लागू पडते, आणि वेळ थोडाच असेल तर मी चित्रांपासूनच सुरुवात करतो. रीमॅप करण्यापूर्वी दोन्हींचे नोड (मटेरियल ज्यांच्या जोडणीतून बनते ते घटक) डोळ्यांखालून घालावेत, कारण नाव जुळले म्हणून पॉलिश जुळतेच असे नाही. मटेरियलच्या नावाशेजारी दिसणारा वापराचा आकडा मात्र केवळ वाचावा. त्यावर क्लिक केल्यास ब्लेंडर त्या वस्तूसाठी नवी स्वतंत्र प्रत तयार करतो, आणि अर्धी पिलावळ मुळात तिथूनच जन्मते.

आता मटेरियलच्या नावाशेजारचे ढालीचे चिन्ह पाहावे. ते चालू असलेले मटेरियल, म्हणजे फेक यूजर (वापराची मोजणी शून्यावर येऊ न देणारा नावापुरता वापर) दिलेले किंवा असेट (पुन्हा वापरण्यासाठी राखलेला घटक) म्हणून नोंदवलेले, पर्जला हात लावू देत नाही. जे ठेवायचे त्यावर ढाल असू द्यावी, बाकीची काढावी आणि मगच रिकर्सिव्ह (साखळीने निराधार होणारा डेटाही पुसण्याचा) पर्याय चालू ठेवून पर्ज करावे. रिकर्सिव्ह आवश्यक असते, कारण मटेरियल गेल्यावरच त्याचे चित्र निराधार होते.

फरक पडला की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. तळाच्या स्टेटस बारवर उजवे क्लिक करून मेमरीचे आकडे दिसतील असे करावे आणि साफसफाईपूर्वीचा व फाइल पुन्हा उघडल्यानंतरचा आकडा ताडून पाहावा. आकडा तसाच राहिला, तर दोष मटेरियलच्या संख्येत नसून टेक्स्चरच्या आकारात आहे, असे समजून प्रेफरन्सेसच्या व्ह्यूपोर्ट विभागात टेक्स्चरची कमाल मर्यादा कमी करावी.