रेडकू भरत नाही? आधी टेप काढा, मग गव्हाण बघा

गोरेगावच्या आरेतल्या तबेल्यांत शिरलं की एक मागणी ठरलेली असते. "डॉक्टर, रेडकू भरत नाहीये, वाढीची एखादी सुई मारा की." मी खिशातून शिंप्याची टेप काढतो. राज्यात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून बैल-वळूंच्याही आहे, त्यामुळे आपल्याकडे मांसासाठी वाढतो तो रेडाच. पण खालचा हिशोब वगारीला, म्हणजे मादी रेडकालाही, लागू पडतो.

पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलोत वजन. घेर 50 आणि लांबी 44 भरली तर साधारण 167 किलो. आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण दर पंधरवड्याला एकाच माणसाने मोजलं की वाढ होतेय की नाही ते लपत नाही.

आता वजनाच्या अडीच टक्के कोरडा चारा धरा, म्हणजे पाणी वगळून उरणारा चारा. 167 किलोच्या रेडकाला सव्वाचार किलो. हिरव्या गवतात पाचातले चार हिस्से पाणीच असतं, म्हणून 10 किलो पॅरा गवतातून जेमतेम 2 किलो मिळतात. बाकीच्यासाठी 1 किलो पेंढा आणि दीड किलो आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक). पाटीभर गवत टाकलं म्हणजे पोट भरलं, हा गैरसमज इथेच फुटतो.

सुईवाल्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो आणि त्यांना ती पटत नाही. हाडं निघालेल्या, उपाशी रेडकाच्या रक्तात वाढीचं हार्मोन कमी नसतं, उलट जास्त असतं! मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ते सोडत राहते. पण त्याचा निरोप घेऊन आयजीएफ-1 नावाचं दुसरं हार्मोन बनवायचं काम मुख्यतः यकृताचं, आणि उपासमारीत यकृत तो निरोप नीट घेतच नाही. मग वाढीच्या हार्मोनचं एकच काम उरतं, अंगावरची चरबी वितळवून दिवस काढणं. सोबत थायरॉइडची हार्मोनंही उतरतात आणि शरीर कमी खर्चात जगायला शिकतं. यकृत आणि आतडी ही सर्वांत खर्चिक खाती, तीसुद्धा आकसतात.

आंबोण वाढवलं की कोठीपोटातले (चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटातले) जंतू प्रोपिऑनिक आम्ल जास्त बनवतात, यकृत त्यापासून साखर तयार करतं, इन्सुलिन चढतं आणि यकृताचे कान पुन्हा उघडतात. आकसलेल्या शरीराचा खर्च सुरुवातीला कमी असल्याने उपासानंतरचं रेडकू काही आठवडे झपाट्याने भरतं. तबेल्यात याचं श्रेय टॉनिकच्या बाटलीला जातं. मात्र अगदी तान्हेपणी उपाशी राहिलेलं पिल्लू ही तूट क्वचितच पूर्ण भरून काढतं. चीक आणि दूध तोडून केलेली बचत पुढे महागात पडते.

आंबोण एका दिवसात दुप्पट करू नका. दहा-चौदा दिवसांत, मूठ-मूठ वाढवा. घाई केली तर कोठीपोट आंबतं, जनावर खाणं सोडतं, आणि क्वचित दगावतंही.

मुंबईचा मे महिना वेगळा. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी, रंग काळा, त्यात दमट हवा. गरमीत भूक आणि थायरॉइड दोन्ही खाली येतात. मोठा चारा पहाटे आणि रात्री टाका, दुपारी अंगावर पाणी मारा, पिण्याचं पाणी कायम ठेवा. दाटीवाटीने बांधलेल्या, सतत बुजणाऱ्या जनावरात कॉर्टिसॉल चढतं आणि ते स्नायू मोडून साखर करतं, म्हणजे दिलेलं आंबोण पाण्यात.

आणि तबेल्यांत चोरून मिळणारी ऑक्सिटोसिनची सुई? ती पान्हा सोडवते. वाढीशी तिचा काही संबंध नाही.

दोन मोजण्यांत टेप हललीच नाही तर आंबोण आणखी वाढवू नका. शेण तपासून घ्या, जंताचं औषध द्या, कानामागे गोचीड बघा.