बेसबॉलपटूची किंमत आकड्यांनी ठरवताना या चुका टाळा

मिगेल कॅब्रेरा की माइक ट्राउट? २०१२ च्या अमेरिकन लीगच्या ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’ म्हणजे एमव्हीपी पुरस्काराचा हा वाद आजही निघतो आणि आजही तसाच विस्कटतो. दोन्ही बाजूंकडे आकडे भरपूर असतात. घोळ होतो तो एखाद्या आकड्याला भलत्याच प्रश्नाचं उत्तर विचारल्यामुळे. म्हणून तोंड उघडण्याआधी एकच ठरवून घ्या: बोलायचंय ते त्या मोसमातल्या कामगिरीबद्दल, खेळाडूच्या एकूण कुवतीबद्दल, की अख्ख्या कारकिर्दीबद्दल? तिन्हींचे आकडे वेगळे असतात.

आरबीआयवर निकाल देणं

कॅब्रेराची सरासरी .३३०, होमरन ४४, आरबीआय (म्हणजे आपल्या पाळीत घरी आणलेले रन) १३९. तिन्हींत लीगमध्ये पहिला, म्हणजे त्रिमुकुट. १९६७ मध्ये कार्ल यास्त्रेम्स्कीने मिळवल्यानंतरचा हा पहिलाच. पहिल्या पसंतीच्या २८ मतांपैकी २२ त्याला पडली, ट्राउटला ६.

ट्राउटचे आरबीआय ८३. ऐकायला फार कमी वाटतात, पण तो पहिल्या क्रमांकावर खेळायचा. सामन्यातल्या त्याच्या पहिल्या पाळीला बेस रिकामेच असणार. मग घरी आणायचं कोणाला? त्याने स्वतः १२९ रन काढले, ते याच जागेमुळे. आरबीआयमध्ये बॅटरच्या फटक्याइतकाच पुढच्या सहकाऱ्यांचा वाटा असतो. १९९० मध्ये सान डिएगोच्या जो कार्टरने ११५ आरबीआय केले, तेही अवघ्या .२३२ सरासरीने. हे एक उदाहरण लक्षात ठेवलं तरी निम्मे वाद टळतील.

सरासरीचंही तेच. क्रिकेटची सवय असलेल्यांनी इथे जरा सावध राहावं: ही सरासरी ‘दर आउटमागे’ नसते. ती हिट भागिले अ‍ॅट-बॅट असते, आणि वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस, तिच्यात धरतच नाहीत. बेसवर पोहोचण्याचं प्रमाण ओबीपीमध्ये दिसतं. ते कॅब्रेराचं .३९३, ट्राउटचं .३९९.

मैदान आणि काळ विसरणं

ओबीपी आणि स्लगिंग (दर अ‍ॅट-बॅटमागे हिटने मिळवलेले बेस) यांची बेरीज म्हणजे ओपीएस. कॅब्रेरा .९९९, ट्राउट .९६३, म्हणजे कॅब्रेरा पुढे. मैदान आणि त्या वर्षीची लीगची पातळी हिशेबात घेतली की ओपीएस प्लस मिळतो. त्यात १०० म्हणजे लीगची सरासरी. इथे ट्राउट १६८, कॅब्रेरा १६४. चित्र उलटलं ते एवढ्या एका दुरुस्तीने.

डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे मैलभर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि वळतो कमी. म्हणून तिथल्या रॉकीज संघाच्या बॅटरचे कच्चे आकडे कधीच जसेच्या तसे मांडू नका. पण उलटी चूकही तितकीच वाईट: ‘कूर्सचा खेळाडू’ म्हटलं की सगळंच रद्द. लॅरी वॉकरने १९९७ मध्ये ४९ होमरन मारले, त्यातले २९ बाहेरच्या मैदानांवर.

काळाचंही तसंच. १९६८ मध्ये यास्त्रेम्स्की .३०१ सरासरीवर अमेरिकन लीगचा अव्वल बॅटर ठरला. पिचरांचं वर्चस्व इतकं होतं की पुढच्या वर्षी पिचिंगचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. २००० मधल्या टॉड हेल्टनच्या .३७२ शेजारी ते .३०१ ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

विजय-पराजयावरून पिचर जोखणं

ही चूक मतदारांनीही वर्षानुवर्षं केली. १९९० मध्ये बॉब वेल्चला २७-६ या नोंदीवर साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, मिळाला. त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले रन) २.९५, रॉजर क्लेमेन्सचा १.९३. त्याआधी १९८७ मध्ये नोलन रायन नॅशनल लीगमध्ये ईआरए आणि स्ट्राइकआउट दोन्हींत पहिला होता. त्याची नोंद मात्र ८-१६. स्वतःच्या संघाने रन काढलेच नाहीत तर पिचर काय करणार? २०१० मध्ये फेलिक्स हर्नांडेझला १३-१२ असूनही साय यंग मिळाला, २०१८ मध्ये जेकब डीग्रॉमला १०-९ वर. डीग्रॉमचा ईआरए होता १.७०.

ईआरए स्वतः काढताना एक बारीक गोष्ट हमखास चुकते. २४९.२ इनिंग म्हणजे २४९ पूर्ण आणि २ आउट, म्हणजेच २४९.६६७. षटकांच्या टिंबासारखंच हे, फक्त सहाऐवजी तीनचं. २००.१ आणि २००.२ यांची बेरीज ४०१. स्प्रेडशीटमध्ये तसंच जोडलं तर ४००.३ येतं आणि पुढचं सगळं थोडं थोडं बिघडत जातं.

वॉर नीट न वाचणं

वॉर म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा किती जास्त विजय. संघात सगळे तसलेच बदली खेळाडू असतील तर १६२ पैकी सुमारे ४८ सामने जिंकतील, असं गृहीत धरलेलं असतं. साधारण १० रन म्हणजे एक विजय.

२०१२ च्या वॉरमध्ये ट्राउटची आघाडी कुठून येते ते उलगडून बघा. ५४ प्रयत्नांत ४९ स्टील, म्हणजे पळून चोरलेले बेस. यशस्वी स्टीलचे ढोबळमानाने ०.२ रन, पकडला गेला तर ०.४ रनचं नुकसान. ९.८ वजा २ म्हणजे जवळजवळ ८ रन, नुसत्या स्टीलचे. शिवाय कॅब्रेरा २८ वेळा डबल प्लेमध्ये (एका फटक्यावर दोन आउट) सापडला, ट्राउट ७ वेळा. वर सेंटर फील्डमधली त्याची पळापळ.

इथे लोक एक दंड दोनदा लावतात: ‘ट्राउट एप्रिलअखेर आला, १३९ सामनेच खेळला, म्हणून त्याच्या वॉरमधून थोडं कमी करा.’ वॉर ही बेरीज आहे. न खेळलेले सामने त्यात आधीच गेलेले असतात. खेळण्याच्या जागेची वजाबाकीही तशीच: फॅनग्राफ्स या साइटच्या हिशेबात पूर्ण मोसमाला शॉर्टस्टॉपला अधिक ७.५ रन, फर्स्ट बेसला उणे १२.५, क्षेत्ररक्षण न करणाऱ्या नुसत्या बॅटरला उणे १७.५. ती पुन्हा वेगळी मांडायची नसते.

दुसरी चूक म्हणजे एकाचा वॉर एका साइटवरून, दुसऱ्याचा दुसरीवरून घेणं. पिचरच्या बाबतीत तर हे अजिबात चालणार नाही. बेसबॉल-रेफरन्स प्रत्यक्ष दिलेल्या रनांपासून सुरू करतं आणि मागच्या क्षेत्ररक्षणाची दुरुस्ती करतं. फॅनग्राफ्स मुख्यतः स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन बघतं. २०१८ चा फिलीजचा पिचर अ‍ॅरन नोला एकीकडे १० च्या घरात, दुसरीकडे ५ ते ६ मध्ये. दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रश्न वेगळे आहेत.

पुरस्कार पुरावा म्हणून मोजणं

टेड विल्यम्सला १९४२ आणि १९४७ अशा दोन त्रिमुकुटांच्या वर्षी एमव्हीपी मिळाला नाही; १९४७ मध्ये जो डिमॅजिओकडून तो एका गुणाने हरला. राफाएल पाल्मेरो १९९९ मध्ये फर्स्ट बेसला २८ सामनेच उभा राहिला आणि त्याच जागेचा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, घेऊन गेला. तेव्हा ‘पाच गोल्ड ग्लव्ह’ हा क्षेत्ररक्षणाचा पुरावा होत नाही. २०१३ पासून त्या निवडीत आकड्यांना सुमारे चौथाई वजन आहे, म्हणून अलीकडचे ग्लव्ह जरा गांभीर्याने घ्यावेत.

एमव्हीपीची मतं प्लेऑफआधीच दिली जातात, त्यामुळे वर्ल्ड सिरीजमधला पराक्रम त्या वादात आणू नका. ‘संघ प्लेऑफला गेला नाही’ हाही मुद्दा नाही; मतपत्रिकेसोबतच्या सूचनेतच विजेता प्लेऑफच्या संघातला असायची गरज नाही असं म्हटलंय. २०१२ मध्ये तर प्लेऑफला गेलेल्या कॅब्रेराच्या टायगर्सचे विजय ८८ आणि बाहेर राहिलेल्या ट्राउटच्या एंजल्सचे ८९ होते!

वाद अडला तर

आधी पाळ्या तपासा. बॅटिंग किताबासाठी संघाच्या दर सामन्यामागे ३.१ पाळ्या लागतात, म्हणजे ५०२. त्याहून फार कमी असतील तर दर आणि बेरीज यांची गल्लत होते. मग ओपीएस प्लस, मग जागा, आणि वॉर शेवटी. क्षेत्ररक्षणाचे एका मोसमाचे आकडे फार हेलकावतात, निदान तीन मोसम एकत्र बघा. दोघांच्या वॉरमध्ये अर्ध्या-एक विजयाचाच फरक असेल, तर तो आकडा बाजूला ठेवून बाकीचं बोलायला हरकत नाही. ट्राउट आणि कॅब्रेरा यांच्यात तो बेसबॉल-रेफरन्सच्या हिशेबात तीनच्या वर होता.