बीटलची मागची उंची बदलताना या चुका टाळा

जुन्या फोक्सवॅगन बीटलला मागे कॉइल स्प्रिंग नाही, पाटेही नाहीत. वजन पेलतो टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाणारी पोलादी सळई. स्प्रिंग कापून किंवा पॅकिंग घालून उंची जमवायची सवय इथे कामाची नाही.

पहिली चूक पाना हातात घेण्याआधीच होते. टायर आणि मडगार्डमधलं अंतर मोजून लोक थेट मागचं उघडतात. आधी चारही टायरांची हवा बघा. पुढचा डावा कोपरा बसला असेल तर मागचा उजवा उचललेला दिसतो. स्विंग ॲक्सलची, म्हणजे अर्धा ॲक्सल चाकासकट वर-खाली झुलणारी गाडी जॅकवरून उतरवल्यावर चाकं खालून आत वळलेली राहतात आणि गाडी उंच भासते. चार-पाच मीटर पुढे-मागे ढकला, मगच मोजा.

खरं माप स्प्रिंग प्लेटच्या कोनाचं, म्हणजे सळईच्या बाहेरच्या टोकाला ॲक्सलशी जोडणाऱ्या पोलादी पट्टीच्या कोनाचं, तेही प्लेट मोकळी असताना. खालच्या थांब्यावर, म्हणजे तिला आणखी खाली जाऊ न देणाऱ्या कडेवर टेकलेली प्लेट थांब्याचाच कोन दाखवते. गाडी पूर्ण सपाट नसली तरी चालेल, दाराखालच्या पट्टीचा कोन घेऊन तो वजा करा. थांब्यावरून प्लेट सोडवताना मात्र खाली जॅक आणि भोवती साखळी हवीच. पीळ सुटला की प्लेट झटक्यात खाली येते, बोटं जातील. त्याआधी ॲक्सल आणि प्लेटच्या जोडावर छिन्नीने खूण करा, कारण भोकं लांबट असतात आणि चाकाची दिशा तिथेच ठरते.

दात्यांचा हिशोब बहुतेकांना चकवतो. सळईच्या आतल्या, म्हणजे गाडीच्या मध्याकडच्या टोकाला 40 दाते, बाहेरच्या टोकाला 44. बाहेरचा एकच दाता फिरवला तर 8 अंश 10 मिनिटं (60 मिनिटांचा एक अंश), म्हणजे चाकाशी जवळपास 58 मिलिमीटर. गाडी एकदम जमिनीला! बारीक फरकासाठी दोन्ही टोकं वापरा: गाडी खाली घ्यायची तर आतलं टोक एक दाता असं फिरवा की प्लेट 9 अंश वर जाईल, मग बाहेरच्या दात्यांवर प्लेट एक दाता खाली घ्या. उरतात 50 मिनिटं, साधारण 6 मिलिमीटर.

डावी-उजवी सळई अदलाबदल करू नका, कारखान्यात प्रत्येकीला तिच्या बाजूला लागणाऱ्या दिशेचाच पीळ दिलेला असतो. पकडीने धरून रंग खरवडू नका. ओरखड्यात गंज धरतो आणि तिथूनच ती तुटते. रबरी बुशवर ‘ओबेन’ असं जर्मन अक्षरांत लिहिलेलं असेल तर ती बाजू वर. बसवताना टाल्कम पावडर लावा, ग्रीसने रबर फुगतं.