साइट हलवल्यावर तुटलेले अंतर्गत दुवे कसे दुरुस्त करावेत

गोव्यातील देवस्थाने आणि जत्रा यांविषयीचे मराठी लेख वर्षानुवर्षे ब्लॉगरवर साठवून मग ते स्वतःच्या डोमेनवर, वर्डप्रेसमध्ये आणले, तर मजकूर आणि छायाचित्रे बहुधा सुखरूप येतात. मात्र लेखांतर्गत दुवे जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतात. शिरगावच्या लईराईवरील लेखात, लोकश्रद्धेने तिची बहीण मानलेल्या म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या लेखाचा दुवा असेल, तर तो दाबणारा वाचक नव्या साइटवरून थेट जुन्या साइटवर जातो. जुनी साइट चालू असेतोवर ‘पान सापडले नाही’ असे सांगणारी ४०४ ही त्रुटी दिसत नाही आणि तपासणीचे साधनही काही तक्रार करत नाही. म्हणून शोध केवळ ४०४चा न घेता जुन्या डोमेनच्या नावाचा घ्यावा.

कामाला हात घालण्यापूर्वी डेटाबेसचा बॅकअप घेऊन तो वेगळ्या ठिकाणी ठेवावा.

त्यानंतर नव्या पत्त्यांची रचना कायमची ठरवावी. मराठी शीर्षकांच्या बाबतीत ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण वर्डप्रेस देवनागरी पत्ता सांकेतिक रूपात साठवते, त्यात काना, मात्रा, वेलांटी धरून प्रत्येक चिन्हाला ९ अक्षरे लागतात आणि एकूण मर्यादा २०० अक्षरांची असते. ‘शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेतील धोंडांचे व्रत’ या शीर्षकाचा पत्ता त्यामुळे ‘शिरगावच्या-लईराई-देवीच्य’ इथेच तुटतो. शेवटचा कानासुद्धा त्यात मावत नाही. याच शब्दांनी सुरू होणारा दुसरा लेख असेल, तर त्याच्या पत्त्यापुढे २ हा आकडा लागतो आणि कोणता दुवा कोणत्या लेखाचा हे ओळखणे कठीण होते. माझ्या मते रोमन लिपीतील आटोपशीर पत्ते हाताने द्यावेत. व्हॉट्सॲपवर पाठवतानाही ते नीट दिसतात.

आता जुना पत्ता आणि नवा पत्ता असा दोन रकान्यांचा तक्ता करावा. केवळ देवनागरी शीर्षक असलेल्या लेखाला ब्लॉगर ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि त्यापुढे एखादा आकडा असा पत्ता देतो, त्यामुळे पत्त्यावरून लेखाचा विषय कळत नाही. सुदैवाने वर्डप्रेसच्या ब्लॉगर इम्पोर्टरने लेख आणले असतील, तर प्रत्येक लेखाच्या कस्टम फील्डमध्ये (लेखासोबतच्या जादा नोंदींच्या जागेत) ‘ब्लॉगर पर्मालिंक’ या नावाने जुना पत्ता नोंदलेला असतो. तिथून हा तक्ता तयार होतो. शीर्षके जुळवत बसावे लागत नाही.

तक्ता हाती आल्यावर बेटर सर्च रिप्लेस या प्लगिनने (वर्डप्रेसला जोडता येणाऱ्या पूरक साधनाने) अदलाबदल करावी. तक्त्यातील पूर्ण पत्ते, शेवटच्या ‘डॉट एचटीएमएल’सह, आधी बदलावेत आणि नुसते डोमेन सर्वांत शेवटी, क्रम उलटा झाला तर तक्त्यातील जुने पत्ते मजकुरात सापडणारच नाहीत. एकाच पत्त्याची अनेक रूपे असतात: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, मोबाईलसाठी शेवटी ‘एम=१’ लागलेले, तसेच ब्लॉगरच्या ‘ब्लॉगस्पॉट’ या डोमेनचे भारतीय रूप असलेल्या ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’चे. मोबाईलचे रूप साध्या रूपाच्या आधी बदलावे, म्हणजे मागे शेपूट उरणार नाही. ‘डॉट इन’कडे विशेष लक्ष द्यावे, कारण ते डोमेन २०२० मध्ये गूगलच्या हातून गेले. पहिली फेरी नेहमी ‘ड्राय रन’ची, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करणारी, असावी. थेट एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञांनी, बदल करण्याचा मोह टाळावा. विजेटसारख्या (पानाच्या कडेच्या चौकटींसारख्या) मांडण्यांत मजकुराची लांबीही नोंदलेली असते, आणि ती जुळली नाही की विजेट रिकामे होते. ‘जीयूआयडी’ हा लेखाची कायमची ओळख नोंदणारा रकाना बदलू नये.

लेबलच्या पानांचे दुवे मात्र या तक्त्यात येत नाहीत. ‘जत्रा’ किंवा ‘दशावतार’ या लेबलांचे दुवे संबंधित वर्गाच्या पानाकडे वेगळे वळवावे लागतात.

जुनी साइटही स्वतःच्याच डोमेनवर असेल, तर बाहेरून येणाऱ्यांसाठी रिडिरेक्शन प्लगिनमध्ये त्याच तक्त्यावरून ३०१ (कायमस्वरूपी) वळणे द्यावीत. पत्ता ब्लॉगस्पॉटचा असेल तर ही सोय नाही. ब्लॉगरमधील वळण त्याच साइटच्या आत चालते. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणे ही निव्वळ पळवाट आहे: वाचकाला हवा तो लेख मिळत नाही आणि गूगलही अशा पानांना बहुधा ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे न सापडलेल्या पानासारखेच, ठरवते. अंतर्गत दुवे या वळणांच्या भरवशावर सोडू नयेत. ते मजकुरातच दुरुस्त करावेत.

शेवटी स्क्रीमिंग फ्रॉग या दुवे तपासणाऱ्या साधनाने साइट तपासावी. ५०० पत्त्यांपर्यंत ते विनामूल्य चालते. ४०४च्या यादीबरोबर बाहेर जाणाऱ्या दुव्यांची यादीही उघडून त्यात ‘ब्लॉगस्पॉट’ हा शब्द शोधावा. छायाचित्रे अजून जुन्या सर्व्हरवरून येत असतील, तर तीही इथेच सापडतात. पुढील काही आठवडे गूगलच्या सर्च कन्सोलमधील ‘सापडले नाही’ची यादी पाहत राहावी आणि प्रत्येक पत्त्याचे ‘संदर्भ पान’ (ज्या पानावर त्याचा दुवा आहे ते) तपासावे: ते आपल्याच साइटवरील असेल तर लेख उघडून दुवा बदलावा, बाहेरचे असेल तर तक्त्यात एक ओळ वाढवून वळण द्यावे.