लहान मुलांसह जंगल-दऱ्यांतील भटकंती: दिवस कसा आखावा

मोठ्यांच्या चालीने आखलेला दिवस लहानांच्या पायांना पेलत नाही, आणि कुटुंबांच्या बहुतेक भटकंत्या याच कारणाने बिघडतात. जंगल आणि दऱ्यांनी भरलेल्या ग्रामीण प्रदेशात तर अंतराचा अंदाज आणखीच फसवा असतो, कारण नकाशावर बोटभर दिसणाऱ्या वाटेत दोन ओढे, एक चढ आणि ओल्या मुळांचा निसरडा टप्पा दडलेला असू शकतो. म्हणून आखणीची सुरुवात सर्वांत धाकट्या सदस्यापासून करावी आणि बाकीच्यांनी आपला वेग त्याच्याशी जुळवून घ्यावा.

१. आधी वाट निवडावी, शिखर नव्हे

मोठ्यांना माथ्यावरून दिसणाऱ्या देखाव्याचे अप्रूप असते. मुलांना मात्र वाटेतला लाकडी पूल, दगडांवर खळाळणारे पाणी, आडवा पडलेला ओंडका, वारुळ यांतच रस असतो. त्यामुळे दर अर्ध्या तासाला थांबण्याजोगे काहीतरी असलेली चार किलोमीटरची वाट ही घनदाट झाडीतून सरळ जाणाऱ्या तीन किलोमीटरच्या एकसुरी वाटेपेक्षा मुलांना सोपी जाते.

वाटेचा आकारही पाहावा. गोल फिरून आरंभस्थानी येणारी वाट आकर्षक वाटते, पण निम्म्याहून अधिक अंतर गेल्यावर मूल थकले तर मागे फिरूनही काही फायदा होत नाही. गेल्या वाटेनेच परत येण्यात नावीन्य कमी असले, तरी कोणत्याही क्षणी मागे वळता येते आणि परतीचा रस्ता ओळखीचा असतो. पहिल्या काही भटकंत्यांसाठी माझा कौल निःसंशय अशाच वाटेला आहे.

दरीच्या प्रदेशात आणखी एक चकवा असतो. गाडी वरच्या कडेला उभी करून खाली उतरले, की सुरुवात फार सुखाची होते आणि सगळा चढ दमलेल्या पायांच्या वाट्याला येतो. शक्य असल्यास दरीच्या तळापासून चालायला सुरुवात करावी, म्हणजे सकाळच्या ताज्या दमात चढ आणि परतताना उतार अशी विभागणी होते.

२. नकाशावरून वेळ काढावा

१:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर आणि १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, जितक्या दाट, तितका उतार तीव्र. या रेषा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या वळून त्यांचे टोक चढाच्या दिशेला रोखलेले असेल, तर तेथे ओढा किंवा घळ आहे असे समजावे. मुलांना हे वाचायला शिकवले, तर पुढे कोठे पाणी लागेल याचे भाकीत करण्यात ती चांगली रमतात.

वेळेच्या हिशेबासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही वापरला जातो: सुमारे ५ किलोमीटर अंतराला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईसाठी आणखी एक तास. या हिशेबाने ६ किलोमीटर अंतर आणि ३०० मीटर चढ असलेल्या वाटेला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. मात्र हा नियम न थांबता चालणाऱ्या धडधाकट प्रौढांसाठी आहे. बरोबर लहान मुले असतील तर आलेली वेळ दुप्पट करावी आणि त्यात खाण्याचा, खेळण्याचा व विश्रांतीचा एक तास वेगळा धरावा. म्हणजे वरच्या वाटेला साडेचार तास द्यावे लागतील.

यानंतर मागे वळण्याची वेळ ठरवून ती लिहून ठेवावी. खोल दरीत सूर्य अधिकृत सूर्यास्ताच्या बराच आधी डोंगराआड जातो आणि दाट झाडीखाली अंधार त्याहूनही लवकर पडतो, हे लक्षात घेऊन सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी गाडीपाशी पोहोचता येईल अशी ही वेळ असावी. ती झाली की ठरवलेले ठिकाण पाच मिनिटांवर असले तरी वळावे. मुलांची नाराजी दहा मिनिटांत ओसरते, पण अंधारात उतरण्याची जोखीम तशी ओसरत नाही.

३. निघण्यापूर्वीची विचारपूस

ग्रामीण भागातील वाटा शेतांतून, कुरणांतून आणि लाकूडतोड चालू असलेल्या जंगलांतून जातात. वाट बंद आहे का, पूल वाहून गेला आहे का, शिकारीला परवानगी असलेल्या प्रदेशात सध्या हंगाम चालू आहे का, याची चौकशी वनविभागाच्या कार्यालयात किंवा गावात करावी. शिकारीचा हंगाम असेल तर शक्यतो दुसरा प्रदेश निवडावा; जायचेच असेल तर सर्वांनी भडक रंगाचे कपडे घालावेत. दऱ्यांत मोबाइलचा सिग्नल बहुधा मिळत नाही, त्यामुळे कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरच्या किंवा ओळखीच्या एका व्यक्तीला आधीच कळवावे आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घेण्याबरोबर कागदावरही ठेवावा.

४. कपडे आणि पाठपिशवी

उंची १,००० मीटरने वाढली की तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने घटते. उलट रात्री थंड, जड हवा उताराने खाली येऊन दरीच्या तळाशी साचते, म्हणून पहाटे माथ्यापेक्षा तळच अधिक गार असू शकतो. एकच जाड कपडा घालण्याऐवजी पातळ कपड्यांचे थर चढवावेत. सुती कापड घामाने भिजले की लवकर वाळत नाही आणि अंगातील ऊब खेचून घेते. त्यामुळे आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा. पाठीवर बसवलेले बाळ स्वतः चालत नसल्यामुळे त्याला तुमच्यापेक्षा खूप लवकर थंडी वाजते. त्याचे हातपाय आणि मानेमागचा भाग अधूनमधून चाचपून पाहावा. बाळाला मान आणि पाठ सावरून नीट बसता येऊ लागेपर्यंत चौकटीच्या पाठपिशवीत बसवू नये.

मुलांना स्वतःची छोटी सॅक जरूर द्यावी, पण तिचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा अधिक नसावे. त्यात पाणी, खाऊ, एक उबदार कपडा आणि शिट्टी एवढे पुरे. मोठ्यांच्या पिशवीत प्रथमोपचाराची पेटी, पावसाळी जॅकेट, हेडलॅम्प, मोज्यांचा जादा जोड आणि बारीक टोकाचा चिमटा असावा. नवे बूट थेट डोंगरात नेऊ नयेत. टाच चुरचुरू लागल्याचे मुलाने सांगताच थांबून तेथे पट्टी लावावी, कारण फोड आल्यानंतर फार काही करता येत नाही.

५. प्रत्यक्ष चालताना

सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे आणि एका प्रौढाने शेवटी राहावे. वाट फुटते त्या प्रत्येक ठिकाणी सर्वांनी एकत्र येईपर्यंत थांबण्याचा नियम करावा. झाडांवरच्या व दगडांवरच्या रंगीत खुणा शोधण्याचे काम मुलांवर सोपवता येते. त्या खुणांची पद्धत देशागणिक वेगळी असते; फ्रान्समधील लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा आणि तांबडा असे दोन आडवे पट्टे म्हणजे योग्य वाट, तर त्याच रंगांची फुली म्हणजे चुकीची दिशा. बराच वेळ एकही खूण दिसली नाही, तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे यावे. अंदाजाने पुढे जाऊ नये. भूक लागण्याची वाट न पाहता थोडे-थोडे खायला द्यावे, कारण मुलांची चिडचिड ही बहुधा भुकेची पहिली खूण असते.

कुरणाचे फाटक उघडे असेल तर उघडेच आणि बंद असेल तर बंद ठेवावे. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये. बरोबर कुत्रा असेल तर तो दोरीला बांधलेला असावा, परंतु गुरे अंगावर आली तर दोरी सोडून द्यावी, कारण त्यांचा रोख कुत्र्यावर असतो.

ओढा ओलांडताना पाण्याची खोली मुलाच्या गुडघ्यावरून मोजावी, स्वतःच्या नव्हे. तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असले तरी वरच्या खोऱ्यात पाऊस पडून पाणी नंतर चढू शकते. सकाळी सहज ओलांडलेले पाणी गढूळ होऊ लागले, तर ते वाढत आहे असे समजून उंच जागी जावे. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळल्याशिवाय पिऊ नये. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट आणि २,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे उकळावे. शौचासाठी पाण्यापासून निदान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो बुजवावा.

६. हरवल्यास किंवा वीज कडाडल्यास

हरवल्याचे कळताच थांबायचे, जवळच्या झाडापाशीच राहायचे आणि शिट्टी वाजवायची, हे मुलांकडून निघण्यापूर्वी प्रत्यक्ष करून घ्यावे. आल्प्समधून जगभर पसरलेला संकेत असा: एका मिनिटात समान अंतराने सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या येतात. मुलांना ‘ओरडू नको’ असे एरवी इतक्या वेळा बजावलेले असते, की येथे आवाज केल्याबद्दल कोणी रागावणार नाही हे स्पष्ट सांगावे लागते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर ती सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी गाडी किंवा पक्की इमारत जवळ असेल तर ती गाठावी. नसेल तर कडा, माथा, एकटे झाड आणि पाण्याचा काठ सोडून सारख्या उंचीच्या ठेंगण्या झाडांच्या भागात, खोडांपासून दूर थांबावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा.

७. परतल्यावर

ज्या व्यक्तीला निरोप देऊन ठेवला होता, तिला पोहोचल्याचे लगेच कळवावे. त्यानंतर मुलांची काखेत, कानांमागे, केसांत, कमरेभोवती आणि गुडघ्यांमागे गोचिडींसाठी तपासणी करावी. गोचीड रुतलेली आढळल्यास तेल लावणे, जाळणे असे उपाय टाळून चिमट्याने ती त्वचेच्या अगदी जवळ धरावी, पिळ न देता सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. पुढील काही आठवड्यांत तेथे पसरत जाणारा लाल चट्टा उमटला किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जाताना गोचीड कधी व कोठे चावली हे आवर्जून सांगावे.